एकदाच विचारायचं

तुम्ही हसाल, पण मला अजूनही कुणी 'वाढू का?' विचारलं की धडकी भरते.

हॉटेलांत अन्न वाया जाऊ नये, यासाठी आमची संस्था काम करते. माझं पहिलंच हॉटेल म्हणजे अहमदपूरच्या बसस्टँडजवळचं, सत्यभामाकाकूंचं. तिथं जमलं नाही तर माझी नोकरी पक्की होणार नव्हती. मी नियम घालून दिला: आग्रह बंद, गिऱ्हाइकाला विचारायचं आणि 'नको' म्हटलं की वाढायचं नाही.

चौथ्या दिवशी खरकट्याची बादली जवळजवळ रिकामी. मी खुशीत फोटो काढत होते, तेवढ्यात मागं कुणीतरी तांब्या आपटला. मी इतकी दचकले की मोबाइल थेट बादलीत.

लोहा गावचे एक म्हातारे गिऱ्हाईक काकूंवर उखडले होते. "एकदा नको म्हणलं तर भाकरी घेऊन पळालीस की. दुसऱ्यांदा इचारायचं असतंय का न्हाई?"

"ह्या मॅडमचा नियम हाय, बापू."

बापूंनी माझ्याकडं पाहिलं. "कुठल्या गावच्या?"

"नांदेडची."

"मग तुमच्यात पहिल्यांदाच 'व्हय' म्हणतेत का?"

मी मोबाइल पुसत राहिले.

बापू गेल्यावर काकूंनी माझ्यापुढं ताट आणलं. "मॅडम, जेवता का?"

सकाळपासून पोटात नुसता चहा होता. "नको, काकू," मी म्हणाले.

काकूंनी मान हलवली आणि ताट आत नेलं.

लातूरच्या एसटीत बसल्या बसल्या मी नियम दुरुस्त केला: तीनदा विचारायचं.