जोडलेलं पोस्टर

अभिलेखागाराच्या खिडकीपाशी एका हिशेबनीसबाईंचा नंबर दुसरा होता. पहिला नंबर एका म्हाताऱ्या शिवणकामवाल्या बाईंचा, आणि त्या लवकर हलतील अशी काही लक्षणं दिसत नव्हती.

"माझे यजमान नागरी हक्कांच्या चळवळीतले पुढारी होते. त्यांचे कागद मुलानं तुमच्याकडे दिले, त्यात माझे सदरे बेतायचे कटिंगचे कागद आलेत. पाठ, पुढा, बाही. तेवढे परत द्या."

"आजी, तसलं काही नाही हो त्यात," खिडकीतला कारकून म्हणाला. " पत्रं, भाषणं आणि मोर्चाचं एक मोठं पोस्टर. त्याचे बिचाऱ्याचे तुकडे झाले होते."

"तेच ते."

"तेच कसं? ते आम्ही जोडलं. महिनाभर खपलो."

"अहो, ते फाटलं नव्हतं, मी कापलं होतं. मोर्चा झाल्यावर एवढा जाड कागद वाया कशाला घालवायचा? आयुष्यभर त्यावर सदरे बेतले. यांचेसुद्धा."

"पण आता ती ऐतिहासिक वस्तू आहे."

"आणि माझी बाही? नवी आखायला हात थरथरतो. गिऱ्हाइकाच्या अंगात काय पोस्टर घालू?"

"बरं, त्याच मापाची छायाप्रत देतो. मग तर झालं?"

"जोड दिसतील त्यात? त्यावरूनच कापायचंय."

"बारीक रेघांसारखे दिसतील."

"मग दोन काढा. एक मी कापून आणून देते, ती तुमच्या खोक्यात ठेवा. आमच्या घरी होतं तसं."

"आजी, कापलेलं दिसलं की आमची माणसं पुन्हा जोडायला बसतील."

"मग त्यांना माझ्याकडे पाठवा. बसायची एवढी हौस असेल, तर काजं करायची पुष्कळ पडलीयत."