सहा माशांची एकादशी

नाही, पण मला एक सांगा, चिमूटभर म्हणजे किती? कुणाची चिमूट? माझी, बायकोची, का माझ्या शहाऐंशी वर्षांच्या आईची? हसू नका! तुम्हाला सांगतो, ह्या एका चिमटीपायी काल माझा जीव जायचा राहिला...

झालं काय, आमची वल्लरी, म्हणजे माझी मुलगी. हिंजवडीला नोकरी, जाऊन-येऊन चार तास बसमध्ये, आणि उरलेल्या वेळात मासे. तेही साधे नाहीत, समुद्रातले! कर्वेनगरात, दुसऱ्या मजल्यावर, जिथे नळाला गोडं पाणी यायची मारामार, तिथे आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी चाळीस लिटर समुद्र! त्यात सहा क्लाऊनफिश. केशरी अंग, पांढरे पट्टे, नखाएवढी पिल्लं. अंड्यांतून दोनशे निघाली होती. पोरगी रोज सकाळी मेलेली उचलायची, काही न बोलता डबा घ्यायची आणि ऑफिसला जायची. तीन महिन्यांत सहा उरली. सहा! मी एकदा म्हणालो, "अगं, नवीन आणू की," तर तिने माझ्याकडे असं बघितलं... नंतर मी त्या विषयावर तोंड उघडलं नाही.

आणि ह्या पोरीला कंपनीने पाठवलं बंगळुरूला, चार दिवस. जाताना मला पुढ्यात बसवून शिकवणी. "बाबा, दिवसातून चार वेळा, चिमूटभर. दोन मिनिटांत संपेल एवढंच. उरलं की पाणी नासतं, आणि पाणी नासलं की सगळे जातात. कळलं?" कळलं म्हटलं. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलीय, तेव्हा न कळता 'कळलं' म्हणायची सवय आहे. पण चिमूटभर म्हणजे किती, हे विचारायचं राहिलं ना!

खाणं म्हणजे काय, तर एका बाटलीत खारं पाणी, त्यात बुडबुडे, आणि त्यात कोळंबीच्या जातीचे बारीक किडे, मोहरीच्या दाण्याच्याही चौथाईएवढे. आमच्या घरात! जिथे केकमध्ये अंडं आहे का, हे दुकानदाराला तीनदा विचारतात, तिथे जिवंत कोळंबी! वल्लरी जाताना कानात म्हणाली, "आजीला औषध आहे म्हणून सांगा." आणि मी गाढव, परवा रात्री जेवताना आईने विचारलं, "बाळ, त्या बाटलीत काय रे वळवळतं?" तर खरं सांगून बसलो. बासष्ट वर्षांचा झालो, पण आईसमोर अजून थाप मारता येत नाही. ती नुसतं "अस्सं" म्हणाली. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं!

काल एकादशी. वल्लरी चार वाजता पोचणार. सकाळी नऊला मी माशांना घातलं, घड्याळ लावून, दोन मिनिटांत चट्टामट्टा. म्हटलं, जिंकलो! आणि गेलो अंघोळीला. दहा मिनिटं, फार तर बारा. बाहेर येतो तर काचेसमोर आई उभी, हातात वाटी, चेहऱ्यावर समाधान.

"आई, काय करतेस?"

"अरे, किती आशेने बघत होते बिचारे. मी जाईन तिकडे मागे यायचे. घरातला जीव उपाशी ठेवून आपण खायचं का?"

"काय घातलंस?"

"वऱ्याचे तांदूळ. मऊ शिजवलेले. आज एकादशी, आज ह्या घरात कोळंबी नाही. तूप नाही हो घातलं, त्यांना जड होईल."

"किती घातलेस?"

"चिमूटभर!"

वाटी रिकामी!

अहो, मी काचेत बघतो तर काय, भगर तळाशी, भगर दगडांवर, भगर फिल्टरच्या तोंडाशी, आणि पाणी... तांदूळ धुतल्यावर होतं ना, तसं. बघता बघता मागची भिंत दिसेना. फिल्टर घुर्र करून बंद पडला. आणि सहाच्या सहा वर येऊन तोंडं उघडतायत, मिटतायत, उघडतायत. खरं सांगतो, स्वतःच्या ऑपरेशनला एवढा घाबरलो नव्हतो.

नीरजा, आमच्या सौ., स्वयंपाकघरातून, "अहो, ओल्या पंचाने फिरू नका हॉलभर!" हिला पंचा दिसतो! मी तसाच फोन लावला रविराजला. रविराज म्हणजे ज्याच्या दुकानातून ही अंडी आली तो. माणूस हुशार, पण शब्द मोजून, आणि प्रत्येक शब्दाला धार.

"काका, काय घातलंत?"

"भगर."



"उपासाची?"

"हो."

"मग दाण्याची आमटी का नाही घातली?"

इथे माझा जीव जातोय आणि हा आमटी विचारतोय! मग म्हणाला, "नळी घ्या, तळातलं सगळं ओढून काढा. वल्लरीने खाऱ्या पाण्याचा कॅन भरून ठेवलाय, ते थोडं थोडं घाला. एकदम ओतलंत तर तसेही जातील. आणि फिल्टर धुवा. ठेवतो, गिऱ्हाईक आहे."

नळी घेतली. एक टोक टाकीत, एक तोंडात, आणि ओढलं... तुम्ही कधी भगर घातलेला समुद्र प्यायलाय? अर्धा ग्लास गेला पोटात! सकाळी माशांच्या तावडीतून सुटलेल्या एखाद-दुसऱ्या कोळंबीसकट! छत्तीस वर्षांची एकादशी एका घोटात मोडली, आणि आई मागून म्हणते, "चूळ भर रे!"

मग तीन तास, ऐका, तीन तास, मी स्टुलावर. बादलीभर घाण बाहेर, पेलाभर पाणी आत. पेलाभर म्हणजे किती, कुणाला ठाऊक! बारा वाजता मोजले, पाच. पुन्हा मोजले, पाच. सहावा कुठे? बघतो तर कोपऱ्यात, तळाशी, आडवा. मला ती पोरगी दिसायला लागली हो, सकाळी मेलेलं पिल्लू उचलून, काही न बोलता डबा घेणारी. आता उरलेल्यांतलाही एक माझ्यामुळे... आणि चिडलो मी आईवर. ओरडायला वळलो, तर ती खुर्चीच्या कडेला बसलेली, पदर हातात गच्च. म्हणाली, "माझ्यामुळे का रे, बाळ?"

काय ओरडणार? म्हटलं, "नाही गं. बाथरूमला जाताना मीच सांगून गेलो नाही." तीही माझ्याबरोबर काचेला नाक लावून बसली. दीड वाजता तो आडवा जरा हलला. दोनला सरळ झाला. आईने हात जोडले, मी तर चक्क रडलो. माशासाठी! नीरजा म्हणाली, "माझ्या बाळंतपणात नाही रडलात." तिचंही बरोबर आहे.

चारला वल्लरी आली. बॅग दारातच टाकली, सरळ टाकीशी. मोजले. सहा. मग मी सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता, भगर, नळी, आडवा, सगळं. वाटलं, आता फुटणार! तिने काचेशी वाकून तो आडवा झालेला शोधून काढला. मग हळूच म्हणाली, "बाबा, घाबरलात?"

म्हटलं, "खूप."

"मला रोज तसंच व्हायचं," म्हणाली, आणि खांद्यावर डोकं टेकलं. लग्न ठरलं तरी टेकणार नाही असं डोकं! मी म्हटलं, चला, सार्थक झालं...

तेवढ्यात डोकं वर करून म्हणते, "रविराजकडच्या जोडीने परत अंडी घातलीत. ह्या वेळी तीनशे तरी निघतील. मी दिवसभर हिंजवडीला, आणि तुम्हाला आता सगळं येतं, तुम्हीच बघा." आणि आई लगेच, "मी आहे ना मदतीला!"

मी उठलो, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, आणि पुढच्या वर्षभराच्या एकादशांना लाल पेनाने गोल करून ठेवले. चोवीस आहेत.