पूर्ण डोसवाला माणूस

कचेरीत जन्म काढला, संशयी माणसं पुष्कळ पाहिली; पण दिघोरीचा आमचा मेहुणा वेगळाच. तळ्यावर मासे धरतो. रक्तातल्या पेशी घटल्या म्हणून डॉक्टरांनी त्याच्या केमोचा डोस कमी केला, तेव्हापासून एकच घोर: "कमी औषधानं मी जगीन का?"

तशात दवाखान्यात आम्हा दोघांकडे संशोधनवाल्या मॅडम आल्या. म्हणाल्या, "डोस कमी केल्यानं नुकसान होतं का, ते आम्ही गणितानं शोधतो. तुमच्यासारखाच, पण पूर्ण डोस मिळालेला माणूस धरतो आणि तुलना करतो."

"कोन्या गावचा हाय तो?"

"तो खरा नाही हो, काका. हिशेबापुरता."

मेहुणा माझ्याकडे वळला. "पाहा भाऊजी, माझं औषध कुठी गेलं ते. आमच्या मच्छी सोसायटीतबी असेच नसलेले मेंबर पुरा वाटा उचलून राह्यले."