टोक तुटलेला टेप

हार्डवेअरच्या दुकानात माझ्यापुढे एक गवंडी आणि त्याची शाळकरी मुलगी उभी होती.

"बाबा, नवा टेप कशाला? हा चांगला आहे की."

"टोक तुटलंय. पहिला इंच वर्षापूर्वीच गेला."

"मग वर्षभर कोपरे कसे काढलेत?"

"नेहमीसारखे. एकीकडे तीन फूट, दुसरीकडे चार, तिरकस पाच आलं की काटकोन. सगळीकडेच इंच कमी, त्यात काय बिघडतं?"

"थांबा. म्हणजे खरं भरलं पस्तीस इंच, सत्तेचाळीस आणि एकोणसाठ."

"बरं, मास्तरीणबाई."

"पहिल्या दोघांच्या वर्गांची बेरीज चौतीसशे चौतीस. एकोणसाठचा वर्ग चौतीसशे एक्क्याऐंशी. बाबा, हा काटकोनच नाही!"

"काहीतरीच. पुन्हा कर."

"फोनवर दोनदा केलं. कोन फाकलाय. तीन फुटांवर भिंत अर्धा इंच बाहेर, सहा फुटांवर पूर्ण."

"सहा फुटांवर इंच?"

"हो. ताईचं घर याच टेपने बांधलंत ना? बाबा?"

"तुझ्या काकाने तिला केलेलं कोपऱ्यातलं कपाट... सहा फूट रुंद. त्याच्यामागे एका टोकाला बरोबर इंचभर फट राहिली होती."

"म्हणून तर तुम्ही त्याला सगळ्यांदेखत हाकललंत."

"हातात काटकोन तपासायचा गुण्या धरून उभा होता गं. म्हणत होता, दादा, कपाट काटकोनात आहे, तू गुण्या एकदा भिंतींना लावून बघ. मी म्हटलं, सुतार मला भिंत शिकवणार?"

"काय देऊ, मिस्त्री?" दुकानदाराने विचारलं.

"बाबा, बोला ना. टेप हवाय ना?"

"काकाचा नंबर आहे का तुझ्याकडे? माझ्याकडचा मी पुसून टाकलाय."