मारुतीच्या पाराशी दोन कीबोर्ड

आमी मूळचे नळदुर्गचे. बाप बँडमधी क्लारनेट वाजवायचा, आई घरात कन्नड बोलायची, म्या पेटी शिकलो, पुढं पेटी गेली आन् कीबोर्ड आला, गाडीवर बांधून वरातीत वाजवायचा, तोबी शिकलो. लई वर्सं बँडचा कीबोर्डवाला म्हंजी म्याच, दुसरं कोण न्हाय.

मग बँडच्या मालकानं येडशीचा कीबोर्डवाला सलीम आणला. मला म्हणला, शिवामामा, ह्या लग्नात दोघं वाजवा, मग बघू कुणाला ठिवायचं. काय सांगू तुम्हाला, अंगाची नुसती लाही लाही झाली. वरनं भ्या येगळंच, माझ्या डाव्या हाताची बोटं आखडाय लागली व्हती, बायकोबिगर कुणाला ठावं न्हवतं.

भूमला परण्या निघाला, नवरदेव घोड्यावर, मारुतीच्या दर्शनाला. आमचे कीबोर्ड एकाच गाडीवर. म्या क्लारनेटचा आवाज लावला, त्यानंबी तोच. म्या धून धरली की तोबी तीच धरायचा, म्या जोरात, तो त्याहून जोरात. नाचणारी पोरं वरडली, ओ बँडवाले, भांडायलाव का वाजवायलाव!

पाराशी आलं की नाचाचं गाणं थांबवून देवाचं लावायचं, ही रीत. नाचाला म्या बटणानं सूर वर चढवलेला, तो खाली आणाय गेलो तर डाव्या बोटानं बटणच दाबंना. तसंच सुरू केलं. सलीम बरोबर जागी, म्या वर. असलं बेसूर झालं की घोडं बिथरलं, मालक डोळे वटारून माझ्याकडंच. म्हणलं, गेलो आता.

सलीमनं माझ्या बोटांकडं बघितलं. त्यानं सवताचाच सूर माझ्याएवढा वर घेतला, क्लारनेटचा आवाज काढून टाकला, खालचे जड सूर लांब लांब धरले आन् मानेनंच म्हणला, चला मामा. म्या एकट्या उजव्या हातानं धून घेतली. म्या थांबलो की मधली जागा तो भरायचा, म्या चाललो की तो दबून ऱ्हायचा. पाराखालच्या बाया हात जोडून उभ्या ऱ्हायल्या. डोळ्याला पाणी आलं वो माझ्या.

मालकानं इचारलं, सलीम, कोण चुकलं रं? तो म्हणला, दोघंबी. ठिवायचं तर दोघांना ठिवा, न्हायतर मीबी चाललो.

आता डावा हात पार गेलाय माझा. तरी लोक म्हणतेत, मामा, अजून कसं भरून वाजवताव? म्या म्हणतो, डावा हात शेजारी उभा हाय की. त्याचा अल्ला त्याचे हात शाबूत ठिवो.