मला काय करायचंय त्या अमोनियाचं?

...अन् मी म्हणतो, मला काय करायचंय त्या अमोनियाचं? तुमीच सांगा बरं! तीस वर्षं काढली मी शिरड शहापुरात, खताच्या गोदामात, युरियाच्या थप्प्या लावून लावून पाठ गेली, तव्हा कुणी म्हणलं न्हाई की सोनाजी, ह्यो युरिया बनतो कसा ते शीक... अन् आता सत्तरीत मी हायड्रोजन शिकून राहिलो! हसू नका. अन् कुठं उठून राहिले? बसा, चहा सांगितलाय मी.

तुमाला सांगतो, आमचा रत्नपाल, एकुलतं एक पोरगं, तिकडं कच्छात कंपनीत इंजिनेर. त्याची माय, जनकाबाई, दोन वर्षांमागं गेली, तव्हापासून घरात मी अन् पंखा. पंखा बी लाइट असली तर! पोरगं फोन करतं, न्हाई म्हणत न्हाई मी, पर कसा? "जय भीम बाबा, जेवले का? गोळ्या घेतल्या का? बरं, ठेवू?" अरे ठेवू काय, आत्ता तर उचलला! अन् "कव्हा येतो?" इचारलं की बराबर त्याच टायमाला ह्याची मीटिंग लागते. काहून लागते, कुणास ठाऊक.

एक दिवस असंच तोंडातून निघालं, "काय रे, तुमी तिथं बनवता तरी काय?" ...बस्स! पोरगं जे सुटलं! "बाबा, उन्हाच्या विजेनं पाणी फोडायचं, त्यातून हायड्रोजन काढायचा, हवेतला नायट्रोजन त्याला जोडायचा, झाला अमोनिया, ज्याचा तुमचा युरिया बनतो! पहिलं हायड्रोजन नैसर्गिक गॅसातून काढायचे, कार्बन लई निघायचा. आता खताचे कारखाने, पोलादाच्या भट्ट्या, समुद्रातली जहाजं, सगळ्यांचा धूर कमी करायचाय बाबा..." पंचवीस मिनिटं! तव्यावर भाकरीचा कोळसा झाला, मी जागचा हललो न्हाई. मला काय करायचंय त्या अमोनियाचं? पर त्या घरात पंचवीस मिनिटं माणूस बोलत होतं हो!

मंग काय, रोज एक प्रश्न. "पाणी फोडायला पाणी किती लागतं रे?" पंधरा मिनिटं. "भट्टीत कोळशाच्या जागी हायड्रोजन घातला तर धुराड्यातून काय निघतं?" "वाफ, बाबा, वाफ!" वीस मिनिटं. "अन् जहाजात डिझेलच्या जागी भरलेला अमोनिया गळला तर?" तव्हा आवाज खाली आला त्याचा, "ती तकलीफ हाय खरी बाबा, विषारी असतो ना..." लहानपणी पेपर अवघड गेला की असंच बोलायचं लेकरू.

पर रोज प्रश्न आणायचा कुठून? गावभर मागत फिरलो! शेजारची धुरपताबाई हळद शिजवून राहिली होती, हळदीच्या मोठ्या कुकरखाली लाकडं पेटलेली, मी म्हणलं, "बाई, हायड्रोजनवर एखादा प्रश्न असंल तर द्या." ती माझ्याकडं बघतच राहिली. "दादा, तब्येत बरी हाय ना?" मंग डोळे पुसत म्हणते, "ह्या धुरानं जीव चालला माझा. त्या गॅसवर हळद शिजंल का, तेवढं इचारा." इचारलं! "बाबा, एक नंबर प्रश्न!" अर्धा तास बोललं पोरगं. म्हणलं, धुरपताबाईला काय सांगू? तर म्हणतो, "सध्या परवडत न्हाई म्हणा."

अन् मंग एक दिवस माझी मती फिरली. वहीत अकरा प्रश्न जमवले होते, रोज एक म्हणून पुरवायचे. पर भीमजयंतीला येतो म्हणला होता रत्नपाल, आला न्हाई, प्लांटची तपासणी निघाली. सगळं गाव मिरवणुकीत, डीजे दणादणा, अन् मी दार लावून बसलेलो. त्याचा फोन आला अन् मला राहवलंच न्हाई हो, अकराच्या अकरा इचारून टाकले! ठेवूच दिला न्हाई फोन. हावरट माणूस मी, दुसरं काय!

पुढच्या रविवारी व्हिडिओ आला. "बाबा, तुमची आवड बघून लई भारी वाटलं. तुमचे सगळे प्रश्न, अन् पुढं पडतील ते बी, ह्यात घेतले. आता माझ्या फोनची वाट बघायची गरज न्हाई!" ...गरज न्हाई! अडीच तासांचा व्हिडिओ! सुट्टीचा सबंध दिवस घातला असंल पोरानं. त्याच्यावर चिडायचं तरी कसं? मला काय करायचंय त्या अमोनियाचं, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगू?

बघितला सगळा. वाळलंय हो पोरगं. शर्टाचं बटण तुटलेलं. मी म्हणलं बी, "अरे, बटण लावून घे," तर ते आपलं नायट्रोजनवर. अन् तुमाला सांगतो, शेवटी कॅमेऱ्यात बघून म्हणतो, "बाबा, एवढं करून बी काही शंका राहिलीच, तर..." मी उठून बसलो. चष्मा पुसला. म्हणलं, आता म्हणतो, फोन करा...

"...तर व्हिडिओ मागं घ्या अन् पुन्यांदा बघा."

घेतला मागं. चौथी खेप हाय ही.