गॅसचा पूल

(उलव्यातल्या फ्लॅटची गॅलरी. जयदेव मासेमारीचं फाटलेलं जाळं सांधतोय. मुलगी अमिता लॅपटॉप घेऊन शेजारी.)

जयदेव : थांब, परत सांग. तुला नोकरी देतान ती कंपनी युरोपची, गॅस आफ्रिकेचा. मंग पूल कोनाचा?

अमिता : खरा पूल नाय रे बाबा! ते गॅसलाच पूल बोलतात. कोळसा सोडायचा, सोलर अजून पुरत नाही, तोवर मधली काही वर्षं गॅस.

जयदेव : आनि सोताच्या दर्यान काय करतान ते?

अमिता : पवनचक्क्या.

जयदेव : म्हंजे ते पलीकडं पोचलं. मंग पूल कशाला?

अमिता : तोच तर घोळ आहे! गॅस बराचसा जहाजातून युरोपलाच जाणार. आफ्रिकेतली काही माणसं बोलतात, आमच्या घरात अजून दिवा नाही, तुम्ही इतकी वर्षं जाळलंत, आता आम्हालाच ऊनवारा शिकवता? पटतं. तिथलीच दुसरी बोलतात, पॅनल लावा, दर्या खणू नका. तेपण पटतं. डोक्याचा पार भुगा झालाय.

जयदेव : पन तुला कशाला नेतान? तू थोडी इंजिनेर हाय?

अमिता : किनाऱ्यावरच्या मच्छीमारांशी बोलायला. त्यांची गावं हलवायचीत. इंटरव्ह्यूत सांगितलं, मी कोळ्याची मुलगी. मॅडम एकदम खूश.

जयदेव : आनि त्या सोलरवाल्यांचा फोन आलेला, तो?

अमिता : तेपण तिकडेच बोलावतायत. पण सहाच महिन्यांचं काम, पुढचं काय माहीत नाही. ही नोकरी पक्की आहे. आज पाचपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. मला खरंच काही सुचत नाहीये, बाबा.

जयदेव : गेलीस तर त्या मच्छीमारांपुडं पूल बोलू नको.

अमिता : का?

जयदेव : आपल्या खाडीवर पूल बांधला, तवा साहेब नकाशा घेऊन आलेला. पूल म्हंजे सगल्यांचं भलं, बोलला. आमी येवडंच इचारलं, खांब कुटं येनार? आमची जाली तितंच लागत व्हती. ते पन तुला हेच इचारतील.

अमिता : मग साहेब काय बोलला?

जयदेव : बगू, बोलला.

अमिता : म्हणजे मी जाऊ नको?

जयदेव : मना काय कलतंय पोरी? गॅस बरा का ऊन बरा, तुमी शिकलेली मानसं बगा. पन तो साहेब वाईट नवता. कोल्याचाच पोर व्हता. म्हनून तर आमी सह्या केल्या.